हाताने लिहिलेले रस्ते

सगळं हॉस्पिटल त्यांना रस्तेकाका म्हणायचं. नव्याने आलेल्या नर्सला वाटायचं, हे गृहस्थ पूर्वी नगरपालिकेत असणार. एकीने तर आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांची तक्रार त्यांच्याकडे गुदरली होती आणि काकांनी ती शांतपणे ऐकूनही घेतली होती. खरं म्हणजे आयुष्यात त्यांनी एक टोपली खडी टाकलेली नव्हती. त्यांचे रस्ते वेगळे होते.

तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक थंडगार खोली होती. बाहेर साबणाच्या वाफा आणि आत लोखंडी कपाटांच्या रांगा, लुकलुकणारे दिवे, पंख्यांचा अखंड घोंघाट. हे हॉस्पिटलचं डेटा सेंटर. रक्ताचा रिपोर्ट असो, औषधांची चिठ्ठी असो की मोडलेल्या हाडाचा फोटो, सगळं इथल्या तारांवरून ये-जा करायचं. तारा जिथे एकत्र येत तिथे राउटर नावाची यंत्रं बसवलेली होती. चौकातल्या पोलिसासारखं त्यांचं काम. कुठला निरोप कुठल्या दाराने सोडायचा, ते त्यांनी ठरवायचं. पण काकांच्या पोलिसांना स्वतःची अक्कल चालवायची मुभा नव्हती. ‘अमुक पत्त्याचा निरोप आला की तमुक दाराने पाठव’ अशी एकेक ओळ काकांनी स्वतः प्रत्येक राउटरवर लिहिलेली होती. शेकडो ओळी, आणि सगळ्या तोंडपाठ.

काका या हॉस्पिटलात आले ते टेलिफोनचे वायरमन म्हणून. मिशी नुकती जाड होत होती तेव्हा. त्या काळी दरवाज्याशेजारच्या खोलीत स्विचबोर्ड होता आणि त्यापुढे कानाला यंत्र लावून एक मुलगी बसायची. कुठलाही फोन तिच्या हातून जोडला जायचा. “प्रसूती विभागाची लाइन कुरकुरतेय,” असा तिचा निरोप आला की हे पक्कड घेऊन हजर. पुढे पुढे लाइन कुरकुरत नसली तरी हजर. “आता काय बिघडलंय?” तिने एकदा विचारलं. “बघतो ना, काहीतरी सापडेलच,” हे म्हणाले. जे सापडायचं ते सापडलं आणि वर्षभरात लग्न झालं. मग आपोआप फोन जोडणारं एक्स्चेंज आलं, स्विचबोर्ड गेला. काकूंना नोंदणीच्या खिडकीत बसवलं. काका संध्याकाळचे वर्ग करून कॉम्प्युटरच्या तारांकडे वळले.

काका माणूस म्हणून सोन्यासारखे. खोड एकच, दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही. त्यांना उत्तर आधीच ठाऊक असायचं, मग वाट कशाला बघा? काकूंनी पाहुण्यांना “परवा आम्ही गेलो होतो ना...” एवढं म्हणावं, की पुढचा प्रवास काका करून येत. काकू हसत. “माझं बोलणं मी यांच्याकडे ठेवायला दिलंय,” म्हणत. सगळे हसत. काकाही हसत.

मग तिसऱ्या मजल्यावर ढगवाली आली.

हे नाव काकांनीच ठेवलेलं. तिशी ओलांडलेली, तरतरीत, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी बाई. तिच्या ताब्यात होते ते मोठे सर्व्हर, ज्यांच्या एकेकाच्या पोटात वीस-पंचवीस यंत्रं नांदत. हात लावून दाखवता येणार नाहीत अशी यंत्रं. त्यांची आपसातली जाळीही तशीच. तारा नाहीत, डबे नाहीत, सगळं सॉफ्टवेअरमध्ये. ती सकाळी एक अख्खं नेटवर्क उभं करायची आणि संध्याकाळी मोडायची. “हवेतले इमले!” काका म्हणायचे. “नुसते ढग.”

पण ढगातलं पाणी जमिनीवर यायला हवं. तिच्या जाळ्यांतून काकांच्या तारांवर उतरायला दोन दारं होती. तिने वर नवं जाळं उभं केलं, की खाली काकांनी प्रत्येक राउटरवर नवी ओळ लिहायची. तोवर ते जाळं असून नसल्यासारखं. आणि दोनपैकी एक दार बंद पडलं, तर काकांनी धावत येऊन त्या दाराकडे जाणाऱ्या सगळ्या ओळी दुसऱ्या दाराकडे वळवायच्या. कारण बिचाऱ्या राउटरला दार बंद झाल्याचं कळायचंच नाही. तो आपला निरोप बंद दारावर आपटत राहायचा.

“काका, दोन्ही बाजूंना एकमेकांशी बोलू द्या ना,” ढगवाली म्हणायची. “माझं दार तुमच्या राउटरला सांगेल, माझ्याकडे अमुक अमुक पत्ते आहेत म्हणून. पत्ते बदलले, की परत सांगेल. दार पडलं तर बोलणं थांबेल, आणि तुमचा राउटर आपणहून दुसऱ्या दाराने जाईल. अख्ख्या जगात असंच चालतं.”

“जगाचं जग बघून घेईल. माझे राउटर फक्त माझं ऐकतात.”

याला कारण होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी बाहेरचा डबा आणून जोडला होता. त्याने ‘सगळे रस्ते माझ्याकडूनच जातात’ अशी थाप मारली, राउटरांनी ती खरी मानली आणि अर्धा दिवस हॉस्पिटल मुकं झालं. त्या दिवसापासून काकांनी कानाला खडा लावला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काकांनी ताकच सोडलं.

काकूंना झटका आला तो एका साध्या सकाळी. कपात चहा ओतता ओतता त्यांचा उजवा हात खाली आला, हळूच, आपला नसल्यासारखा. चहा टेबलावरून फरशीवर गेला. काकू काकांकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते, पण जे बाहेर येत होतं ते शब्द नव्हते.

हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, डॉक्टर ओळखीचे. जीव वाचला. काही आठवड्यांनी काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायलाही लागल्या. पण बोलणं अडकलं. काय म्हणायचंय ते आत पक्कं असायचं, डोळ्यांत दिसायचं, पण शब्द यायचाच नाही, नाहीतर भलताच यायचा. उशी मागायची असली की ‘छत्री’ म्हणायच्या आणि चुकलं हे लगेच कळून डोळे मिटून घ्यायच्या.

काकांनी रजा घेतली. धाकटी मेहुणी मदतीला येऊन राहिली. तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि कामाला तोड नव्हती. आठवड्यातून काही दिवस बोलण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या बाई घरी येत. त्या चित्रं दाखवत आणि काकूंनी नाव सांगायचं.

“हे काय आहे?”

काकू चित्राकडे बघत. कपाळावर आठी, ओठ जुळत, सुटत. “खि... खि...”

“खिडकी!” काका म्हणत.

बाईंनी दोन-तीनदा गोड शब्दांत सांगून पाहिलं. शेवटी चित्र खाली ठेवलं. “काका, तुम्ही पास झालात. आता तुमची परीक्षा नाही घेत मी. त्यांना वेळ द्या.”

“मदत करत होतो.”

“कळतं मला. पण त्या शब्दाच्या दारापर्यंत पोचतात, आणि आतून तुम्ही बाहेर येता.”

काका ओशाळले. खुर्ची मागे ओढून गप्प बसले. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरचं एक दार पडलं होतं. औषधांच्या दुकानाला चिठ्ठ्या दिसत नव्हत्या, खिडकीपुढे रांग लागली होती. काकांनी चपला घातल्या. काकूंनी डावा हात उचलून काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, “हो हो, लगेच येतो.” त्यांना वाटलं, ती तेच विचारतेय.

असं वरचेवर होऊ लागलं. कधी दार पडायचं, कधी नवं जाळं. रजा कागदावर राहिली. एकदा काका परतले तर काकू भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आणि धाकटी दारातच कंबरेवर हात ठेवून उभी.

“भावजी, एक विचारू? तुमचं लग्न ताईशी झालंय की त्या तळघरातल्या डब्यांशी?”

“अगं, मी नाही गेलो तर...”

“तर काय? तुमच्यावाचून पान हलत नाही, हे तुम्हीच तसं करून ठेवलंय. घरातही आणि तिकडेही.”

हे लागलं.

दुसऱ्या दिवशी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. लिफ्ट बंद होती, जिना चढून दम लागला होता. ढगवाली काम करत होती. ते दारात उभे राहून म्हणाले, “ते तुझं बोलणारं प्रकरण. लावू या.”

इतकी वर्षं याच वाक्याची ती वाट बघत होती. आल्यावर टाळ्या पिटायच्या, असं तिने ठरवून ठेवलं असणार. पण काकांचा चेहरा बघून तिने फक्त दुसरी खुर्ची ओढली, पंख्याचं तोंड तिकडे वळवलं आणि विचारलं, “काकू कशा आहेत?”

“बरी आहे,” काका म्हणाले. मग थोडं थांबून, “बरी नाहीये.”

पुढचे काही आठवडे दोघं शेजारी बसून काम करत होती. शिकताना काका सुरुवातीला पावलोपावली अडखळायचे आणि अडखळलं की चिडायचे. ढगवाली न चिडता पुन्हा सांगायची. एक गोष्ट त्यांच्या मनात रुतून बसली. हाताने लिहिलेली ओळ असेल तर राउटर त्या पत्त्याबद्दल दुसऱ्या कुणाचं काही ऐकतच नाही. शेजारी कितीही घसा कोरडा करो, तो लिहिलेलंच खरं धरतो. म्हणजे नुसतं बोलायला सुरुवात करून भागणार नव्हतं. आधी काकांना आपल्या ओळी पुसाव्या लागणार होत्या.

बाह्यरुग्ण विभाग बंद असतो अशा रविवारी, दुपारी, त्यांनी ते केलं. काका एकेक ओळ पुसत गेले. ही रक्तपेढीची. ही बालरुग्ण विभागाची, लिहिली तेव्हा तिथे गोवर पसरला होता. पुसली, की क्षणभराने त्याच पत्त्याचा रस्ता आपोआप पुन्हा उमटायचा, दाराकडून ऐकून शिकलेला. एखादी ओळ पुसण्याआधी काका थांबत. ढगवाली घाई करत नव्हती.

“आता तार उपटा,” सगळं झाल्यावर ती म्हणाली.

“कुठली?”

“पहिल्या दाराची. बघू या काय होतं.”

काकांनी आयुष्यभर तारा जोडल्या होत्या, चालती तार अशी उपटली नव्हती. डोळे बारीक करून, दात काढणाऱ्या डॉक्टरसारखी त्यांनी ती ओढली. पडद्यावर एका दाराचं बोलणं थांबलं. त्याच्याकडचे रस्ते गेले, आणि त्याच पत्त्यांपुढे दुसऱ्या दाराचं नाव आलं. वरती कुणाचा फोन वाजला नाही. धुण्याच्या खोलीत यंत्र गरगरत होतं, तेवढाच आवाज.

“झालं?” काकांनी विचारलं.

“झालं.”

“मग मी घरी जाऊ?”

निघताना ढगवालीने हाक मारली. “काका, गाळणी लावायची राहिलीय. माझ्याकडून येणारं काय मानायचं आणि काय नाही, ते तुमच्या बाजूला ठरवून ठेवायला हवं.”

काका आता मोकळे झाले होते, आणि मोकळा झालेला माणूस जरा जास्तच उदार होतो. “अगं, तुझ्यावर विश्वास ठेवला म्हणजे ठेवला. गाळणी कसली लावतेस?”

तीही थकली होती. हसली आणि नंतर करू म्हणाली.

ते नंतर राहून गेलं. काही दिवस स्वर्गासारखे गेले. वर नवी जाळी उभी राहत होती आणि काका घरी काकूंचा हात धरून अंगणाच्या फेऱ्या मारत होते. मग एका भर गर्दीच्या सकाळी फोन आला. बोलण्याचे व्यायाम नुकतेच सुरू झाले होते. हाडांच्या डॉक्टरांना एकही एक्स-रे दिसत नव्हता. फोटो काढले जात होते, पाठवले जात होते आणि कुठेतरी गडप होत होते. काका चपला अडकवून निघाले.

तळघरात आधीच चार माणसं जमली होती. विभागाचे साहेब, हाडांच्या डॉक्टरांनी पाठवलेला संतापलेला निरोप्या आणि आणखी कोण कोण. ढगवाली पडद्यासमोर. काकांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

“एक्स-रे विभागाचा पत्ता वरून कसा येतोय? तो तर इथे आहे, जमिनीवर.”

ढगवालीचा चेहरा उतरला. नव्या आवृत्तीची चाचणी घ्यायची म्हणून तिने वर एक्स-रे विभागाच्या जाळ्याची हुबेहूब नक्कल उभी केली होती, पत्त्यांसकट. ती नक्कल चार भिंतींच्या आत राहायला हवी होती. पण दाराने तिचंही नाव खाली सांगून टाकलं, तेही अगदी बारीकसारीक पत्त्यानिशी. राउटरचा स्वभाव असा, की जो जास्त नेमका पत्ता सांगेल त्याचं तो खरं मानतो. त्यामुळे मोडलेल्या हातापायांचे फोटो खऱ्या डॉक्टरांकडे न जाता ढगातल्या त्या खोट्या विभागात जाऊन पडत होते.

तिने नक्कल बंद केली आणि फोटो परत दिसू लागले. कुणाचं काही वाईट झालं नव्हतं, रुग्णांचा खोळंबा तेवढा झाला. पण साहेबांचा पारा चढलेला. “हे बोलणं-बिलणं बंद करा. काकांची पद्धत होती तीच बरी होती. काका, उद्या येऊन सगळं पूर्ववत करून टाका.”

ढगवालीने मान वर केली नाही.

घरी पोचेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात सगळ्या ओळी पुन्हा लिहायला घेतल्या होत्या. तोंडपाठ होत्या अजून. खोटं कशाला सांगा, त्यांना थोडं बरंही वाटत होतं. मी म्हणत नव्हतो? दार उघडलं तर धाकटी धावत आली. डोळे चमकत होते.

“भावजी, ताई बोलली! अख्खं वाक्य बोलली!”

“काय? काय म्हणाली?”

“त्या बाईंपुढे चहा ठेवला मी, ताईलाही दिला. घोट घेतला आणि मला म्हणते, हा गार झालाय, दुसरा कर.” धाकटी हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. “जन्मभर माझ्या चहाला नावं ठेवलीन, आणि वाचा फुटल्यावर पहिलं तेच!”

काका हसले. आत गेले. काकू खिडकीपाशी बसल्या होत्या, गालांवर जरा रंग होता. काका त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “मी नव्हतो नेमका.”

धाकटी मागून आली. यावेळी तिचा आवाज खाली होता. “तुम्ही नव्हतात म्हणूनच, भावजी. घोट घेतल्यावर किती वेळ ती शब्द जुळवत होती. त्या बाईंनी मला खूण केली, गप्प राहा म्हणून. मी जीभ चावून उभी राहिले. तुम्ही असतात तर तिच्या आधी तुम्हीच म्हणाला असतात.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्यांनी नाही म्हणावं, असं त्यांना फार वाटलं. काकूंनी आपला डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत काका उभे होते, ढगवालीही होती. तिने राजीनामा द्यायचं मनाशी ठरवलं होतं, हे तिने नंतर सांगितलं.

“पूर्ववत करायला माझा नकार आहे,” काका म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढला. “तुमचा?”

“हो. ती गाळणी लावू या म्हणाली होती, मीच नको म्हणालो. इतकी वर्षं कुणाचंच ऐकलं नाही. आणि ऐकायला लागलो तर शुद्ध हरपून. तिची चूक अर्धी, माझी अर्धी. आम्हाला आजचा दिवस द्या.”

बाहेर आल्यावर ढगवाली जिन्यातच बसली. काकाही गुडघे सांभाळत शेजारी बसले. तिने नाक पुसलं. “तुम्ही ‘मी सांगत होतो’ म्हणणार, असं वाटलं होतं मला.”

“म्हणणार होतो. वाटेत विसरलो.”

त्या दिवशी दोघांनी गाळणी बसवली. वरून कुठले पत्ते आले तर मानायचे, ते ठरलं. जमिनीवरच्या विभागांचे पत्ते वरून कुणीही सांगितले, कितीही नेमके सांगितले, तरी सोडून द्यायचे. आणि एकदम फारच पत्ते यायला लागले तर बोलणंच तोडायचं. शेवटची ओळ घालून ढगवाली म्हणाली, “ऐकावे जनाचे...”

काकांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. तिच्याकडे बघत थांबले.

“करावे मनाचे,” तिनेच पुरं केलं, आणि मग तिला हसू आवरेना.

थांबणं काकांना सोपं गेलं नाही. काकू शब्दाशी झगडत असल्या की त्यांच्या घशात तो शब्द येऊन बसायचा आणि खोकला काढून गिळावा लागायचा. कधी कधी हाताखाली हात घालून बसायचे. चुकायचेही. चुकले की काकू डोळे मोठे करायच्या आणि हे कान पकडायचे. वाक्यं हळूहळू लांब झाली. काही शब्द आलेच नाहीत, त्यांच्या जागी भलतेच शब्द कायमचे वस्तीला आले. उशीला त्या घरात अजून छत्रीच म्हणतात.

रजा संपून काका कामावर गेले त्या सकाळी ढगवाली म्हणाली, “काल दुपारी पहिलं दार पडलं होतं, काका. वीज गेली त्या कपाटाची. संध्याकाळी दुरुस्त केलं.”

“मला फोन नाही केलास?”

“कशाला? सगळं दुसऱ्या दाराने चालू होतं. वॉर्डात कुणाला कळलंही नाही.”

“बरं,” काका म्हणाले. पण दिवसभर हातात काही धरवेना. घरी गेल्यावरही तसेच बसून राहिले. धाकटी बाजारात गेली होती. काकूंनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं?

काकांनी सांगितलं. म्हणाले, आनंदच व्हायला हवा, यासाठीच तर केलं सगळं. पण दार पडलं आणि आपल्याला कुणी बोलावलंही नाही, याचं कुठेतरी दुखतंय. वेडेपणाच म्हणायचा.

काकू त्यांच्याकडे वळून बसल्या. मग म्हणाल्या, “मला... माहीत आहे.”

काका थांबले.

“बोर्ड... गेला. तेव्हा.” त्या श्वास घ्यायला थांबल्या. “नवं... ते... आलं. तुम्ही... तारा जोडल्या.”

जोडल्या होत्या. नवं एक्स्चेंज काकांनीच बसवलं होतं, मोठ्या हौसेने. ते सुरू झालं त्या संध्याकाळी मिठाईचा पुडा घेऊन घरी आले होते. आता तुला दिवसभर कानाला ते यंत्र लावून बसायला नको, म्हणून.

“मी... रडले. बाथरूममध्ये... नळ सोडून.”

काकांच्या घशाशी कितीतरी वाक्यं आली. तेव्हा मला वाटलं होतं की. तूच म्हणाली होतीस ना की. त्यांनी एकही बाहेर येऊ दिलं नाही.

“आवाज,” काकू म्हणाल्या. “सगळ्यांचे... आवाज. मी... ओळखायचे. नाव सांगायच्या... आधी. खिडकीत... नुसते... कागद.”

काकांनी हे कधी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “मला सांगितलं का नाहीस?”

काकूंच्या ओठांचा डावा कोपरा वर गेला. हे उत्तर त्यांना लवकर सापडलं.

“तुम्ही... बोलत होतात.”

मग काका हसायला लागले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि काकूही हसत होत्या, खांदे हलवत, आवाज न करता. थोड्या वेळाने काकांनी चेहरा पुसला आणि खुर्ची त्यांच्या अगदी समोर ओढली.

“कोणाकोणाचे आवाज ओळखायचीस?”

काकूंनी आठवायला सुरुवात केली. एक भूल देणारे डॉक्टर होते, ते फोनवर आधी शिंकायचे. एक मेट्रन होती, तिचा आवाज पुरुषासारखा, नवीन माणसं तिला ‘साहेब’ म्हणायची. स्वयंपाकघरातला एक माणूस फोन लागेपर्यंत गुणगुणत राहायचा. एकेका माणसाला खूप वेळ लागत होता. काकूंचे शब्द चुकत होते, त्या परत मागे जात होत्या. बाहेर अंधार पडायला लागला, काकांना दिवा लावायला उठवेना. बाजारात अडकलेल्या धाकटीने पिशव्या न्यायला या म्हणून दोनदा फोन केला. कुणी उचलला नाही. ती रिक्षा करून, चडफडत घरी आली आणि दारातूनच म्हणाली, “कान फुटले का दोघांचे?” तरी काकूंचं भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या बायकोबद्दलचं वाक्य अर्ध्यावर होतं, म्हणून काकांनी तिला हातानेच, जरा थांब, अशी खूण केली.